दुसरं माणूस फुकट

फुकट हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते. एकतीस वर्षं मी सरकारी वजनमापे निरीक्षक होते. आमच्या टॉडमॉर्डन गावच्या बाजारातले काटे, पेट्रोलचे पंप, पबमधले बिअरचे ग्लास, सगळं या हातांनी तपासलं. तीन साबणांवर चौथा फुकट असला की मी आधी पहिल्या तिन्हींचं वजन करत असे. नोकरी संपून दहा वर्षं झाली, पण सवय गेली नाही. चॅपलमधल्या बायका अजूनही मला केक देताना तुकडा जरा मोठाच कापतात.

तर जानेवारीत, क्रूझच्या जाहिराती दारातून रोज दोन-दोन आत पडायला लागतात त्या दिवसांत, माझी बहीण ग्लेनिस माझ्या स्वयंपाकघरात आली, कोट न काढताच बसली आणि टेबलावर तिने एक जाडजूड पुस्तिका टाकली. वर पांढरं जहाज, मागे नॉर्वेचे डोंगर आणि कठड्याला टेकून हसणारं एक म्हातारं जोडपं. दोघांचेही दात संशय यावा इतके चांगले होते.

"मे महिन्यात. लिव्हरपूलहून निघायचं, सात रात्री, परत लिव्हरपूललाच," ती म्हणाली. "तू येतेयस."

"मी?"

"मग काय किटलीला विचारतेय? तुला एक पेनी द्यायची नाहीये. ऑफर आहे. एकाचे पैसे भरले की दुसरं माणूस फुकट."

"फुकट का?"

"फुकट का म्हणजे? फुकट म्हणजे फुकट. दुसरा पलंग नाहीतरी रिकामाच जाणार थेल्मा, त्यापेक्षा कुणीतरी झोपलेलं बरं."

कुणीतरी. हा शब्द मी नीट ऐकून ठेवला.

"बघते," मी म्हटलं.

"बघू नकोस, सही कर. शनिवारपर्यंत जनीनच्या दुकानात तुझ्या पासपोर्टचा नंबर द्यायचाय. आणि भिंग घेऊन बसू नकोस गं बाई, सुट्टी आहे ती, सरकारी धाड नाही."

ती गेल्या गेल्या मी भिंग काढलं.

ग्लेनिस माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि तिची कुठलीच भेट आजवर गळाशिवाय आलेली नाही. लहानपणी तिने बाहुली खेळायला दिली की त्या आठवड्याची भांडी माझ्या गळ्यात पडायची. लग्न करून ती हॅरोगेटला गेली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती दर महिन्याला फुलांचा गुच्छ पाठवायची. फुलं छान असायची, पण आईला उचलून बसवायला त्यांचा काही उपयोग नव्हता. आईचं चार वर्षं मी केलं, नोकरी सांभाळून, एकटीने. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिचा नवरा रोनाल्ड गेल्यावर ती परत इकडे आली, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं, आणि तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही चहा पितो आणि हवेबद्दल बोलतो. सत्तरी ओलांडलेल्या दोन बहिणींना एवढं पुरे, असं मी स्वतःला बजावत होते. खरं तर पुरत नव्हतं. ती दारात दिसली की मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग यायचा.

पुस्तिका मी दोन दिवस वाचली. मोठी अक्षरं सोडून दिली आणि तळातली बारीक तेवढी वाचली. अशी लबाडी मी बाजारातसुद्धा पाहिली नव्हती. जेवण भाड्यात, पण चांगली कॉफी वेगळी. बंदरावर उतरणं भाड्यात, पण धक्क्यापासून गावात नेणाऱ्या बसचे वेगळे चौदा पौंड. नोकरांची बक्षिसी रोज माणशी नऊ पौंड, तीही न विचारता बिलात चढणार. मग नजराणे तीन, त्यातला कुठलाही एक निवडायचा: बंदरावर गाडी ठेवायला फुकट जागा, बंदरापर्यंत बस किंवा जहाजावर उडवायला शंभर पौंड. आम्हा दोघींकडेही गाडी नाही. आणि ते शंभर पौंड जहाजावरच संपवायचे, उरले तर जहाज ते गिळणार. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि त्याच हाताने परत घ्यायचं.

पण माझ्या मनात खरी पाल चुकचुकली ती ग्लेनिसने पुस्तिकेत खोचलेल्या बुकिंगच्या कागदावरून. त्यावर पेयांचं पॅकेज, म्हणजे एकदाच पैसे भरून आठवडाभर हवं ते प्यायची सोय, घेतलेलं नव्हतं.

आता ग्लेनिस आणि तिची संध्याकाळी सहाची जिन ही काही लपलेली गोष्ट नाही. लहानपणी चॅपलमध्ये आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून, जन्मभर दारूला शिवणार नाही अशा शपथेच्या कार्डावर सह्या केल्या होत्या. माझं कार्ड अजून बायबलमध्ये आहे. ग्लेनिसने तिची शपथ एकोणिसाव्या वर्षी एका लग्नात मोडली आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. अशी बाई सात रात्री समुद्रावर कोरडी राहणार? मी फोन उचलला.

"ग्लेनिस, पेयांचं पॅकेज का नाही घेतलंस?"

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"कधी?"

"अगं कधी काय? सांगितलंय!"

"आणि केबिन खालच्या मजल्यावर का? वर तर बाल्कनीच्या खोल्या आहेत. इंजिनच्या डोक्यावर बसवतायत का आपल्याला?"

"उरली होती ती घेतली. तू ना थेल्मा, स्वर्गात गेलीस तर दारावरच्या देवदूताचे पंख मोजशील." आणि तिने फोन ठेवला.

ग्लेनिस खोटं बोलते तेव्हा घाईने फोन ठेवते, हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. मी पुन्हा भिंग घेऊन बसले, आणि चौऱ्याऐंशीव्या पानाच्या तळाशी ते सापडलं. दोघांच्या केबिनमध्ये एकटा प्रवासी असेल, तर त्याला दोघांचं भाडं भरावं लागेल.

पाणी कुठे मुरत होतं ते दिसलं. रोनाल्ड गेला, पलंग अर्धा रिकामा झाला, आणि रिकाम्या अर्ध्याचे पैसे भरणं तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात निघाली ही ऑफर. पलंगावर टाकायला कुणीतरी हवं होतं. बहीण जवळ राहते, एकटी आहे, मे महिन्यात तिला कसलंही काम नाही. पासपोर्टसुद्धा चालू आहे, कुठे गेले नाही तरी मुदत मी चुकवत नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाचच स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. दोन दिवस मी चिडून पुस्तिका वाचत होते खरी, पण कपाटातून निळा रेनकोटही काढून ठेवला होता. तो मी परत आत टांगला.

ठरवलं, शनिवारी जायचं आणि नाव काढून टाकायचं. यानंतर ग्लेनिस मला पुन्हा काही विचारणार नाही, आणि मीही तिला विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मंगळवारचा चहासुद्धा फार दिवस टिकला नसता.

जनीन क्रॅबट्रीचं प्रवासाचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. तिच्या बापाचं तिथेच भाजीचं दुकान होतं, आणि त्याचा काटा वीस ग्रॅम चोर होता म्हणून मी त्याला दंड केला होता. जनीन तेव्हा शाळेत होती. मला पाहिलं की ती अजून खुर्चीत सरळ बसते.

"मिस ग्रीनवुड! पासपोर्ट आणलात?"

"नाही. माझं नाव काढून टाक."

तिचा चेहरा उतरला. "ग्लेनिसशी बोललात का?"

"तिच्याशी काय बोलायचं? तिला पलंग भरायला कुणीतरी हवंय. चॅपलमध्ये ढीगभर बायका आहेत. ती ऑफर दुसऱ्या कुणाला तरी लागू कर."

"कुठली ऑफर?"

"दुसरं माणूस फुकट."

"आमच्याकडे अशी कुठली…" ती म्हणाली आणि गप्प झाली. उगाचच कळफलकावरची धूळ फुंकून उडवायला लागली. असं गप्प होणं मी बाजारात शेकडो वेळा पाहिलंय. काटा धरला गेला की माणूस असाच गप्प होतो.

मी खुर्ची ओढून बसले. "जनीन, त्या कागदावर माझं नाव आहे ना? मग तो बघायचा मला हक्क आहे. वळव तो पडदा इकडे."

"मिस ग्रीनवुड, तिने मला शपथ घातलीय हो."

"तू काही सांगू नकोस. मला वाचता येतं."

तिने पडदा वळवला. ग्लेनिस हार्टली, नऊशे एकोणऐंशी पौंड. त्याच्याखाली थेल्मा ग्रीनवुड, नऊशे एकोणऐंशी पौंड. फुकट कुठेच नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मग एकटीने दोघांचे भरले असते तेवढेच झाले," मी म्हटलं. माझा हेका सुटत नव्हता. "तिचं नुकसान काहीच नाही. शिवाय पलंग भरला."

आता मात्र जनीनला राहवलं नाही. "कसलं नुकसान नाही? डिसेंबरमध्ये तिने एकटीसाठीची केबिन घेतली होती! थोड्या असतात तशा, दुप्पट भाडं नाही. अकराशे नव्वद, सगळी पेयं धरून. खूश होती. मग नाताळ झाल्यावर आली आणि म्हणाली, रद्द कर, दोघींची दे. मी सांगितलं, दीडशेची अनामत बुडेल. म्हणाली, बुडू दे."

नाताळच्या दिवशी ती माझ्याकडे जेवायला होती. मी म्हटलं होतं, गेल्या अकरा वर्षांत मी या गावाबाहेर झोपले नाही. तक्रार नव्हती ती, सॉस ढवळता ढवळता म्हटलं होतं. ग्लेनिस तेव्हा बटाटे वाढत होती आणि काहीच बोलली नव्हती.

"आणि पेयं?" मी विचारलं.

जनीनने पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे तिने स्वतःच टिपण केलं होतं. पेयांचं पॅकेज नको, एकीने घेतलं तर केबिनमधल्या दुसरीलाही घ्यावं लागतं, बहीण चॅपलची आहे. आणि त्याच्याखाली: केबिन जहाजाच्या बरोब्बर मध्यावर आणि खालच्या मजल्यावरच हवी, जास्त पैसे पडले तरी चालतील, तिथे जहाज कमी हलतं, बहिणीला बोट लागते.

मला बोट लागते हे जगात फक्त ग्लेनिसला माहीत आहे. मी आठ वर्षांची असताना आम्ही एकदाच बोटीने आइल ऑफ मॅनला गेलो होतो, आणि मी तिच्या नव्या कोऱ्या गवती हॅटमध्ये ओकले होते. तिने ती हॅट गुपचूप समुद्रात टाकली आणि आईला सांगितलं, वाऱ्याने उडाली. हॅट सांभाळता येत नाही म्हणून आठवडाभर बोलणी तिने खाल्ली. भांड्यांचा आणि बाहुलीचा हिशोब मी साठ वर्षं जपून ठेवला आणि ती हॅट साफ विसरले. मला स्वतःची लाज वाटली. मी रुमाल शोधत पर्समध्ये उगाच बराच वेळ हात घातला.

"अगं, मला सरळ का नाही सांगितलं तिने?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर आला असतात?"

नसते आले. "मला कुणाचे उपकार नकोत," असं म्हणून पुस्तिका तिच्या हातात दिली असती. ग्लेनिसला ते माहीत होतं.

मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. नाव काढायला निघाले होते, तरी तो पर्समध्ये होता. जनीनने तो उचलून नंबर उतरवून घेतला.

"ते पेयांचं पॅकेज अजून जोडता येतं?" मी विचारलं.

"येतं, पण दोघींचं घ्यावं लागेल. आणि तुम्ही तर थेंब घेत नाही."

"लिंबाचं सरबत मिळतं का त्यात?"

"मिळतं. पण मिस ग्रीनवुड, दोघींचे मिळून पाचशे सेहेचाळीस पौंड! सरबताला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "वीस ग्रॅम बटाट्यांसाठी तुम्ही माझ्या बाबांना…"

"माहितीये. यंत्र सरकव इकडे."

मी कार्ड घातलं, आकडे दाबले, पावती घडी करून ठेवली. आयुष्यात एवढा तोट्याचा व्यवहार मी केला नव्हता, आणि तिथून बाहेर पडताना मला भूक लागली होती.

मग तशीच ग्लेनिसकडे गेले. ती दारातच म्हणाली, "काढलंस ना नाव? वाटलंच होतं मला." ती हसत होती, पण डोळे लाल दिसत होते. मी आत जाऊन बसले. तिने चहा केला. तिची बाटली खिडकीशी होती, शेजारी लिंबू कापून ठेवलेलं.

"नंबर दिला मी जनीनला," मी म्हटलं. "आणि पेयांचं पॅकेजही आलंय आपल्याला. तुझी जिन, माझं सरबत. एक पेनी पडली नाही. ऑफर निघाली."

"कसली ऑफर?"

"तीच तुझी. दुसरं माणूस फुकट."

ग्लेनिसच्या हातातली चहाची किटली तशीच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग परत माझ्याकडे.

"त्यात काहीतरी खोट असणार," ती म्हणाली.

"तपासलीय मी," मी म्हटलं. "कुठे काही खोट नाही. ओत तो चहा आता, गार होतोय."