मला विष म्हणणाऱ्यांनो, ऐका

मित्रांनो, डोणगावच्या इंद्रभान टेलरच्या डाव्या मांडीत मुक्कामाला असलेला मी एक चार वर्षे जुना स्टेंट आहे. स्टेंट म्हणजे बारीक तारेच्या जाळीची नळी. रक्तवाहिनी पुन्हा बुजू नये म्हणून माझ्या अंगाला औषध लावलेले असते. याच औषधापायी मी बदनाम झालो.

बिड्या ओढून ओढून इंद्रभानची वाहिनी तुंबली होती. अंगठ्याची जखम चिघळली आणि पाय कापायची भाषा सुरू झाली. मला आत बसवले, रक्त खाली उतरले, जखम भरली. शिलाई मशीन पुन्हा खडखडू लागली. मी ऐटीत होतो, खोटे कशाला बोलू?

यंदा त्याचा मेहुणा प्रेमानंद मोबाइल नाचवत आला.

"भाऊजी, हे औषधवाले स्टेंट लोकायले मारून राह्यले! गोळ्या बी बंद करा."

इंद्रभानने रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या खरेच बंद केल्या. माझा नुसता संताप झाला. मला तोंड असते तर तिथेच दोघांची हजेरी घेतली असती!

पंधरा दिवसांत माझ्या जाळीत रक्त गोठले. इंद्रभानची बायको केसरबाई रोज त्याचे पाय चाचपते.

"डावा पाय बर्फावानी काऊन लागून राह्यला?"

"ताई, वीट तापवून शेकू," प्रेमानंद म्हणाला.

"वीट राहू दे बाप्पा, गाडी काढ आधी!"

डॉक्टर मंजुश्रींनी गुठळी काढली. पाय वाचला, करंगळी मात्र गेली. प्रेमानंदने मोबाइलवरचा तो व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ही शंका संशोधकांनीच काढली होती. पुढं जास्त रुग्णांची, जास्त वर्षांची माहिती तपासली, त्यात मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. तुमचा व्हिडिओ जुना आहे. गोळ्या बंद करण्याआधी मला विचारायचं होतं."

ऐकलेत? माझी झडती घेतली याचा मला मुळीच राग नाही. माणसाच्या अंगात राहणाऱ्याची झडती घ्यायलाच हवी. पुन्हा घ्या, मी घाबरत नाही! पण अर्धी बातमी ऐकून मला शिक्षा करायला निघालात आणि ती भोगली इंद्रभानने.

आता प्रेमानंद दारात पाऊल ठेवण्याआधीच ओरडतो, "भाऊजी, गोळी घेतली का?"

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. डॉक्टरांना दहादा विचारा. पण गोळी बंद करण्याआधी विचारा. नंतर विचारायला जाल, तेव्हा चालत जाण्यापुरता पाय उरलेला असेलच असे नाही.