तुपाचा हात

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात सकाळचे ऊन तिरपे उतरले होते. त्यात लाकडाचा भुसा इतक्या संथपणे तरंगत होता, की दत्तारामांना क्षणभर तो बर्फच वाटला. प्रत्यक्ष बर्फ पडताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

जन्मभर सुतारकाम केलेल्या हातांनी त्यांनी नातीसाठी, अनुष्कासाठी, बर्फावरून घसरण्याच्या स्कीचे लाकडी गाभे घडवले होते. गेल्या हिवाळ्यात मनालीच्या उतारावर तिच्या जुन्या स्कीची प्लास्टिकची तळपट्टी लाकडापासून सुटली आणि ती गुडघा दुखावून परतली. म्हणून या वेळी तिने सारे विधिपूर्वक केले. नव्या तळपट्टीचे प्लास्टिकही स्वभावतःच कोणत्याही गोंदाला जवळ करीत नाही. तिने ते पॉलिश पेपरने खरखरीत केले, स्पिरिटने पुसले, आणि गॅसची निळी ज्योत त्यावरून झरझर फिरवली. रेंगाळली तर पट्टी वितळते. शेवटी पाणी शिंपडले. थेंब गोळा न होता पातळ पसरले, म्हणजे आता गोंदही धरणार. पट्टी तयार होती. ती वाळल्यावर, आता बोटही लावायचे नाही, असे दोनदा बजावून अनुष्का पाठमोरी होऊन इपॉक्सीचा गोंद कालवू लागली.

सांधा जुळवण्यापूर्वी त्यावर तळहात टेकवून तो डोळ्यांना लावायचा, ही दत्तारामांची पन्नास वर्षांची रीत. हात आपोआप गेला. निघताना त्यांनी देवापुढच्या निरांजनात तूप घातले होते; बोटांना त्याचा वास अजून होता.

पट्टीवर काहीच दिसत नव्हते. अनुष्का भांडे घेऊन आली. कालवलेले इपॉक्सी अर्ध्या तासात घट्ट होणार होते आणि दुसरे आणलेले नव्हते. ते गप्प राहिले असते, तर काम निर्विघ्न पार पडले असते. पण त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे एक शुभ्र उतार उलगडला, निःशब्द, अंत नसलेला, आणि त्यावर नातीच्या पायाखालची पट्टी हलकेच सुटू लागली.

“अनुष्का, मी हात लावला. तुपाचा.”

ती थबकली. नेमका कुठे, हे त्यांना सांगता येईना.

“आजोबा, पोळी तव्याला चिकटू नये म्हणून तूप सोडतात. आपल्याला चिकटवायचंय.”

तिने इपॉक्सी एका रुंद ताटात पसरले. पातळ थर सावकाश घट्ट होतो. मग पुसणे, घासणे, पुन्हा पुसणे. ज्योत मात्र तिने आजोबांच्या हाती दिली, कारण रंधा ओढल्यासारखी एकसारखी चाल तिच्यापेक्षा त्यांनाच साधत होती. निळे टोक प्लास्टिकवरून तरंगत गेले. पाणी पुन्हा पसरले. पट्टी वाळवून, इपॉक्सी लावून गाभ्यावर बसवली आणि शेवटचा क्लॅम्प आवळला, तेव्हा ताटातले उरलेसुरले गोठत होते. दत्तारामांनी ते नखाने दाबले. जेमतेम खूण उठली.

उद्यापर्यंत आता काही करायचे नव्हते. दोघे पायरीवर बसले. गुडघा चोळत अनुष्का सांगू लागली, उतार कुठून सुरू होतो, देवदारांपाशी कसा वळतो, आणि दत्ताराम वळणावळणावर तिला थांबवून पुढचे विचारीत राहिले.