स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा माणूस

मिलवॉकीतले हॉटेलवाले ज्या माणसाला चळाचळा कापायचे, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. 'लेकफ्रंट कुरियर'मध्ये दर गुरुवारी हॉटेलांवर लेख यायचा आणि खाली नुसतं 'जेवणारा' एवढंच छापलेलं असायचं. हा जेवणारा म्हणजे लोवेल ग्रुंडमन. ही गोष्ट त्याची बहीण आणि पेपरचा म्हातारा संपादक सोडले तर कुणाला माहीत नव्हती, आणि संपादक निवृत्त होऊन फ्लोरिडात गळ टाकून बसला होता.

धंद्याचा धर्मच तसा होता. समीक्षकाने आपण कोण ते कळू द्यायचं नाही, खोट्या नावाने टेबल राखून ठेवायचं, एका ठिकाणी तीनदा जेवल्याशिवाय लिहायचं नाही, पैसे रोख द्यायचे आणि जे टिपायचं ते संडासात जाऊन टिपायचं. हॉटेलवाल्यांचाही धर्म ठरलेला होता. समीक्षकाचा फोटो कुठून तरी पैदा करायचा आणि भरलेली ताटं जिथून बाहेर जातात तिथे भिंतीवर डकवायचा. नव्या वेटरला एप्रन नंतर, फोटो आधी.

लोवेल आपला धर्म जरा अतीच पाळायचा. त्याच्या घरात केसांच्या टोपांचं आणि मिशांचं वेगळं कपाट होतं. कधी तो पाद्री होऊन जेवायला जायचा, कधी टेक्सासचा गुरांचा व्यापारी होऊन, आणि एकदा तर तो स्वतःची मावशी होऊन गेला होता. आता असलं ध्यान दारात उभं राहिल्यावर कुठला शहाणा मॅनेजर त्याला चांगल्या जागी बसवेल? लोवेलला कायम कोटांच्या खुंटीखालचं टेबल मिळायचं. दार उघडलं की तळ्यावरचा वारा थेट सूपात. त्यामुळे त्याच्या लेखांत सूप नेहमी गार असायचं, वेटर उर्मट असायचे आणि लोण्यावर सुरी वाकायची. यात खोटं काही नव्हतं. त्याच्या वाट्याला जे आलं ते तो इमानाने लिहीत होता.

एका शुक्रवारी तो तिसऱ्यांदा शिमेलच्या सपर क्लबात, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या हॉटेलात, गेला. शुक्रवार म्हणजे अख्खं शहर तळलेल्या माशासमोर बसलेलं. मासा, बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, राय पाव. लोवेलने दोन घास खाल्ले आणि टिपण करायला उठला. त्या दिवशीच्या टोपाची झुलपं डोळ्यांवर येत होती, म्हणून संडासाऐवजी तो चुकून स्वयंपाकघरात शिरला, आणि समोर भिंतीवर त्याला फोटो दिसला. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जेवणारा! याला काही कमी पडता कामा नये.'

फोटोत सत्तरीचा एक म्हातारा होता. मोठे कान, तपकिरी स्वेटर, चेहऱ्यावर बारा वाजलेले.

लोवेलला आधी हायसं वाटलं. वीस वर्षांची लपवाछपवी फुकट गेली नव्हती. मग तो खुंटीखालच्या आपल्या टेबलापर्यंत आला, आणि तेवढ्या अंतरात त्याचं डोकं फिरलं. वीस वर्षं आपण पोटाचे हाल करून घ्यायचे, आणि भिंतीवर हा कोण टिकोजीराव?

तेवढ्यात आत इशाऱ्याची घंटा वाजली. टिकोजीराव स्वतः दारातून आत येत होते. मालक आणि आचारी दोन्ही असलेला बड शिमेल हात पुसत बाहेर धावला. त्याने म्हाताऱ्याचा कोट काढून घेतला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेलं आणि खुर्ची ओढून दिली. म्हातारा एकटा होता, पण त्याने दोन ताटं मागवली, एक माशाचं आणि एक भाजलेल्या मांसाचं. या ताटातला एक घास, त्या ताटातला एक घास, मध्येच एक उसासा. शेवटी त्याने रोख पैसे दिले. वेटरणी दाराच्या फटीतून बघत होत्या. त्यांना तरी का दोष द्यावा? एकटा माणूस, दोन ताटं, इकडून तिकडून चाखणं, तोंड पाडलेलं, पैसे रोख. समीक्षकाची याहून पक्की खूण मिलवॉकीत कुणी सांगितली नसती.

पुढच्या गुरुवारी लोवेलने लिहिलं की शिमेलकडचा मासा चपलेला तळ म्हणून लावता येईल. वाचून बड शिमेलला शंका यायला हवी होती की नाही? छे. तळ्यातला ताजा पर्च मासा, लोण्यात तळलेला, स्वतःच्या हाताने वाढलेला, आणि तरी हा माणूस खूश नाही, म्हणजे केवढी जीभ असेल त्याची, असं तो गावभर सांगत सुटला. पुढच्या शुक्रवारी म्हाताऱ्याच्या दोन ताटांवर दोन आचारी लावले. ते तिकडे गुंतल्यामुळे बाकीच्यांचा मासा करपला. लोवेलचा तर कोळसा झाला. लोवेलने कोळशाबद्दल लिहिलं, तेव्हा बडने तिसरा आचारी ठेवला.

शहरभर हेच चाललं होतं. लोवेल जितकं वाईट लिही, तितकं म्हाताऱ्याला चांगलं मिळे, आणि म्हाताऱ्याला जितकं चांगलं मिळे, तितकं लोवेलला वाईट. लोवेल त्याच्या मागे मागे हॉटेलं फिरला. कुठे म्हाताऱ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवलेली, कुठे त्याचं सूप आधी मालकाच्या आईला चाखवलेलं. लोवेल ईर्ष्येने तेही टिपून घ्यायचा.

अशात पेपर विकला गेला आणि ब्रुक टॅनर नावाची नवी बाई संपादकाच्या खुर्चीत येऊन बसली. वयाने लहान, बोलायला चटपटीत. तिने जेवणाऱ्याला भेटायला बोलावलं. लोवेल वीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या केसांनिशी कामावर गेला. ब्रुकने सांगितलं की बिनचेहऱ्याचे लेख हल्ली कुणी वाचत नाही. ईस्टरच्या आधी बंदरावरच्या सभागृहात पेपरतर्फे माशाची मोठी मेजवानी आहे, सगळे हॉटेलवाले येणार आहेत. तिथे जेवणाऱ्याने मंचावर येऊन तोंड दाखवावं. नाहीतर सदर बंद. सोमवारपर्यंत कळवा.

लोवेल बाहेर पडला तो जवळजवळ नाचतच. आपल्याला वाईट वाटेल असं त्याला उगाच वाटत होतं. कसलं वाईट? आता बड शिमेल आपला कोट काढून घेणार, कोपऱ्यातली खुर्ची ओढून देणार. भिंतीवरचा तो स्वेटरवाला उतरणार आणि तिथे खरा माणूस चढणार. फक्त त्याआधी, बाबा रे, तुझी चैन संपली, हे त्या म्हाताऱ्याला आपल्या तोंडाने ऐकवायचं त्याने ठरवलं. त्यासाठी चार खमंग वाक्यंही तयार केली.

शुक्रवारी तो टोप न घालता शिमेलकडे गेला आणि थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"इथे बसू का?"

"बसा की," म्हातारा खुलून म्हणाला. "रोज रिकामीच असते ती खुर्ची."

लोवेल बसला आणि त्याने पोलिसी आवाजात विचारलं, "एकटे असून दोन ताटं कशाला मागवता?"

म्हाताऱ्याला राग आला नाही. कुणीतरी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं. त्याचं नाव नॉर्बर्ट व्हिटकोव्स्की. बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात त्याचा जन्म गेला. बायको डोलोरेस. लग्नापासून हॉटेलात काय मागवायचं ते तीच ठरवायची, एक ताट त्याचं, एक तिचं, आणि दोघं दोन्हीतलं खायची. गेल्याच्या गेल्या वर्षी ती वारली. त्यानंतर पहिल्यांदा तो एकटा जेवायला आला तेव्हा वेटरणीने काय आणू विचारलं, आणि त्याची बोबडी वळली.

"एकट्याचं जेवण कसं मागवायचं तेच मला येत नाही हो," नॉर्बर्ट म्हणाला. "म्हणून नेहमीचं दोघांचं सांगून टाकलं. अजून तेच सांगतो."

लोवेलने चार वाक्यांतलं पहिलं वाक्य मनातल्या मनात खोडलं.

"पण एक सांगू?" नॉर्बर्ट पुढे झुकला. "ह्या गावाने मला फार सांभाळलं. मला वाटलं होतं, ती गेली, आता आपल्याला कोण विचारतंय. आणि बघा तुम्ही. जिथे जाईन तिथे कोपऱ्यातलं टेबल. आचारी स्वतः बाहेर येऊन विचारतो, सगळं ठीक आहे ना. मी कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं ती गेल्याचं. माणसं तोंडाकडे बघून ओळखतात."

लोवेलची उरलेली तीन वाक्यंही गेली. तेवढ्यात बड शिमेल आलाच. मीठ बरोबर आहे का, असं त्याने नॉर्बर्टला अदबीने विचारलं आणि लोवेलकडे वळून आवाज खाली आणला. "काका, साहेबांना जेवू द्या. तुमची काय तक्रार असेल ती मला बाहेर सांगा."

तक्रार काय सांगणार, कपाळ? लोवेल घरी आला आणि त्याला पुरता पेच कळला. आपण मंचावर चढलो की दुसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्या भिंतींवरून नॉर्बर्ट उतरणार, आणि पुढच्याच शुक्रवारी बड त्याला कोटांखाली बसवणार. आपण नाही म्हणालो तर सदर बंद, समीक्षकच नाही म्हटल्यावर फोटो कशाला? तरीही नॉर्बर्ट कोटांखालीच. मग म्हाताऱ्याला वाटणार, गाव आपल्याला विसरलं.

दोन दिवस लोवेल स्वतःवर चरफडला. हा माणूस आपला कोण लागतो? ना सोयरा, ना धायरा. आपल्या वाट्याचं लोणी वर्षभर खाल्लंय त्याने. पण खुंटीखाली बसून एकट्याचं जेवण मागवू बघणारा नॉर्बर्ट काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. खुंटीखाली कसं वाटतं ते लोवेलइतकं शहरात कुणाला माहीत होतं?

सोमवारी तो ब्रुकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जेवणारा मी नव्हेच."

ती चकित होईल, निदान भुवया तरी उंचावेल, असं त्याला वाटलं होतं. तिने शांतपणे खण उघडून एक फोटो बाहेर काढला. मोठे कान, तपकिरी स्वेटर. मेजवानीच्या निमंत्रणाला उत्तर देताना, मंचावर हेच येणार ना असं विचारून, निम्म्या हॉटेलवाल्यांनी तो तिला पाठवला होता.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "राग मानू नका, पण तुमच्याकडे बघून तुम्ही कधी पोटभर जेवला असाल असं वाटत नाही."

लोवेलने राग गिळला आणि पुढचं रेटून खोटं सांगितलं. हे गृहस्थ कुणाला भेटत नाहीत, लेख आपल्याच हाती देतात. त्यांचं तोंड पेपरात छापलं किंवा कुणी त्यांच्याशी या विषयावर बोललं, तर ते लिहिणं सोडून दुसऱ्या पेपरकडे जातील. आणि छापायचं कशाला, ज्यांनी बघायला हवं त्या सगळ्यांच्या भिंतीवर तो चेहरा आधीच आहे. ब्रुकला हे भलतंच आवडलं. अख्ख्या शहराने जपलेलं गुपित म्हणजे चेहऱ्याहून भारी, असं ती म्हणाली. मंच रद्द, सदर चालू.

"मग इतकी वर्षं तुम्ही इथे करता काय?" तिने विचारलं.

"लेख आणून देतो," लोवेल म्हणाला.

एवढ्या कामासाठी माणूस ठेवणं पेपरला परवडणारं नव्हतं. ब्रुकने त्याला निधनवार्ता घेण्याच्या टेबलावर बसवलं आणि गुरुवारचा लेख आणणं हे वरकड काम म्हणून दिलं. लोवेल सवयीने संडासात गेला, सवयीने पेन्सिल काढली, आणि टिपायला काही नाही म्हटल्यावर तिथेच उभा राहून रडला. आयुष्यभर केलेलं काम त्याने एका वाक्यात दुसऱ्याच्या नावावर करून टाकलं होतं, आणि समोरच्या बाईने ते लगेच खरं मानलं होतं. दुसरं दुःख पहिल्याहून मोठं होतं.

शुक्रवारी मात्र त्याचे पाय शिमेलकडेच वळले. नॉर्बर्टने लांबून हात केला. बडने नाक मुरडलं, पण साहेबांची मर्जी म्हणून खुर्ची ओढून दिली. नॉर्बर्टने दोन ताटं मागवली आणि त्यातलं एक लोवेलकडे सरकवलं. मासा वाफाळत होता. कड दाताखाली कुरकुरली आणि आतला मासा तोंडात सुटत गेला. धिरडं तव्यावरून थेट आलेलं. लोणी पावावर आपोआप पसरत होतं. लोवेल नुसता जेवत राहिला. एक अक्षर टिपलं नाही. शनिवारी बसून त्याने लेख लिहिला, तो सगळा आठवणीतून.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी नॉर्बर्ट काखेत पेपर घेऊन आला. बसल्या बसल्या त्याने घडी उलगडली.

"हा जेवणारा वाचता का तुम्ही?"

"अधूनमधून," लोवेल म्हणाला.

"मला ह्या माणसाचा फार संताप यायचा. ह्याच गावात जेवतो, ह्याच लोकांच्या हातचं खातो, आणि सदानकदा किरकिर. सूप गार, लोणी कडक. मी म्हणायचो, ह्याला एकदा गाठून चार शब्द सुनावले पाहिजेत." नॉर्बर्टने चष्मा लावला आणि शिमेलवरचा लेख मोठ्याने वाचला, अगदी 'लोणी पावावर आपोआप पसरतं' या शेवटच्या वाक्यापर्यंत. आत फटीमागे तिन्ही आचारी एकमेकांना मिठ्या मारत होते.

वाचून झाल्यावर त्याने पेपर जपून घडी घालून बाजूला ठेवला.

"बघा," तो म्हणाला. "बिचाऱ्याला शेवटी कुणीतरी आपल्या टेबलावर बसवून घेतलं."

"घेतलं असेल," लोवेल म्हणाला. मग त्याने पाव मागितला.