मुशीच्या तेलाचे टायर

माझ्या मुलाचे, मुनव्वरचे अब्बा आणि माझा भाऊ हारून, या दोघांनी मिळून त्या वर्षी माझ्या नाकी नऊ आणले. कशावरून, तर टायरवरून! टायरही कसले, ताटाएवढे.

साल १९६४ असेल. कुवेतात अहमदीला क्लबामागे तेल कंपनीच्या साहेबांनी मुलांच्या शर्यतीसाठी मातीचा लंबगोल रस्ता करून घेतला होता. तिथं दर शुक्रवारी पोरं गो-कार्ट पळवायची. आमचे हे फहाहीलला टायरच्या दुकानाचे मालक. पाइप जोडून, गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवून त्यांनी मुनव्वरला गाडी करून दिली. इथवर सगळं ठीक होतं.

पण मुनव्वरची सातवी संपली होती आणि त्याच्या शाळेत पुढे वर्ग नव्हता. त्यानं बोटीनं मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे, बिल्कीसकडे जायचं ठरलं होतं. तिकीटही आलं होतं. अशात एके दिवशी जेवताना हे बोलून गेले, "आखरीच्या शर्यतीत पयला आलास तं तिकीट रद्द. मग माझ्याबरोबर दुकानात बसायचा."

पोरगा ताटात बघत राहिला. मूल डोळ्यांसमोर राहावं असं मलाही वाटत होतंच. पण पोराची शाळा टायरवर ठरवायची, ही कुठली अक्कल!

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सकाळी टँकरनं पाणी मारलेली ती माती शर्यतीपर्यंत वाळून गुळगुळीत व्हायची, आणि तिच्यावर कडक टायर नुसते घसरायचे. रबर नरम हवं, नख दाबलं की रुतलं पाहिजे. इथल्या उन्हात रबर नरम राहतं कुठलं? मग यांनी टायरांना रॉकेल चोळलं. रॉकेलनं भागेना म्हणून माझं गावाहून आलेलं खोबरेल चोळलं. मी केसांना काय लावायचं, ते कुणी विचारलं नाही.

मग हारून आला. तो फहाहीलच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचा. आमच्याकडे लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल पाजतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. "भावजी, रबराला पण तेच लावू," तो म्हणाला. होडीला लावतात तसे दोघांनी थरावर थर दिले आणि टायर गच्चीवर उन्हात टांगले. घरभर अशी घाण सुटली की शेजारची रुकय्या नाकाला ओढणी लावून विचारायला आली, कोण मेलंय?

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी गच्चीवर जाऊन नख दाबलं. टक् वाजलं! होडीवर धरते तशीच तेलानं रबरावर कडक साय धरली होती. मी ओरडले, "तुमी रबराची होडी केलीत!" मग दोघं एकमेकांवर खेकसायला लागले. तुझं तेल, तुमची अक्कल. मला इतका संताप आला की विळी काढून बसले आणि नारळाची वाटी खवतात तसे टायर फिरवत खवणीवर खवायला लागले. वरची साय निघाली आणि खाली नरम, खरखरीत रबर लागलं. हाताला फोड आले. खवणी पुन्हा स्वयंपाकाच्या कामाची राहिली नाही. पण पोरगा घरी राहणार होता, म्हणून मी चारही टायर खवले.

शुक्रवारी ह्यांनी ऐनवेळी नवे, खाचांचे टायर पुढे केले. मुनव्वर मातीवर चालून आला, टाच घासून पाहिली आणि म्हणाला, "नको. मा-ने खवलेले लावा. मागं हवा थोरी कमी ठेवा." पहिल्या वळणावर साहेबांची पोरं बाहेर घसरत गेली आणि आमचा आतून चिकटून निघाला. पहिला आला!

हे उड्या मारत होते. हारून भेटेल त्याला मुशीच्या तेलाची महती सांगत होता. मी पोराचं तोंड पुसायला गेले तर त्याचे डोळे भरलेले.

"मा, मना जावाचा हाय. मना आठवीत बसायचा हाय."

माझं डोकंच फिरलं. "मग जिंकलास कशाला, मेल्या?"

"हरलो असतो तं अब्बांना वाटला असता टायर वाईट व्हते," तो म्हणाला. "टायर चांगले व्हते, मा."

कुणाला म्हणून बोलावं? मी तशीच यांच्याकडे गेले. ते मुनव्वरसाठी दुकानात स्टूल कुठं ठेवायचं ते हारूनला सांगत होते.

"तिकीट ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "पोराला जावाचा हाय. त्यानंच सांगितला."

 ते हळू आवाजात म्हणाले, "पन पयला आला ना तो?"

"आला की," मी म्हटलं, आणि तिथंच, सगळ्या साहेबांसमोर, मला रडू फुटलं.