पुसलेले बाण

“तुकडेच खराब आहेत, सर,” असं म्हणून डॉक्टरांनी डबी टेबलावर सरकवली. मावशी समोरच उभ्या होत्या, पण बोलणं चाललं होतं ते प्रयोगशाळेच्या प्रमुखांशी, मोठ्या सरांशी.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, प्लॅस्टिकचे. प्रयोगशाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. आणि मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हेत. तळघरातल्या मोल्डिंग मशीनवर बावीस वर्षं काढल्यावर त्या सगळ्यांच्याच मावशी झाल्या. प्लॅस्टिकमध्ये बारीक माती कालवायची, वितळवून साच्यात दाबायची, निघालेल्या जाड पट्टीतून हरभऱ्याएवढे चौकोनी तुकडे कापायचे आणि सहाही बाजूंनी घासायचे, हे त्यांचं काम. त्या तुकड्यांतून एक्स-रे सोडून आत मातीचे पापुद्रे कसे बसलेत ते पडद्यावर बघायचं, हे डॉक्टरांचं.

“बारा तुकडे, पण एकाचं चित्र दुसऱ्याशी जुळेल तर शपथ,” डॉक्टर म्हणाले. “माती धड पसरलेलीच नाही. पत्रात लिहिलंय तसं.”

डॉक्टरांनी सरांना लिहिलेल्या त्या पत्राची प्रत मावशींच्या हातात होती. मोल्डिंग सदोष, सबब हे काम बाहेरून करून घ्यावं, मशीन बंद करावं आणि मावशींना स्टोअरमध्ये बसवावं. म्हणजे उरलेली नोकरी झाडू आणि फिनेल वाटत काढायची. बावीस वर्षांचं काम तीन ओळींत निकालात.

त्यांनी डबी उघडली. तुकडे लख्ख होते. जरा जास्तच लख्ख.

“यांच्यावरचे बाण कुठे गेले?”

“कसले बाण?”

“काळ्या पेन्सिलीचे. प्रत्येकावर एक होता.”

“ते डाग होय? स्पिरिटनं साफ केले मी.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साच्यात मातीचे पापुद्रे थप्पी लावल्यासारखे आडवे बसतात. तुकडा सगळीकडून घासला की वरची बाजू कुठली हे ब्रह्मदेवालाही ओळखता येत नाही, म्हणून तर बाण. बावीस वर्षांत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं होतं. या महाशयांनाही सांगितलं होतं, तेव्हा ते फोनमध्ये बघून “हो हो” म्हणाले होते.

“पुसायच्या आधी मला पुसलंत का?”

डॉक्टरांना यातली गंमत कळली नाही. मावशींनाही ती करायची नव्हती.

“मावशी, जरा शांतपणे,” मोठे सर म्हणाले.

“शांतपणेच सांगते, सर. यातला कुठलाही एक तुकडा घ्या. तीनदा लावा, दर वेळी कूस बदलून. मग मला स्टोअरमध्ये काय, गेटाबाहेर पाठवा.”

तिघं एक्स-रेच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी तोंड वाकडं करत तुकडा लावला. पडद्यावर वर आणि खाली दोन चकचकीत कमानी उमटल्या. तुकडा वळवला, तर त्याच कमानी डावीकडे आणि उजवीकडे गेल्या. तिसऱ्या वेळी नुसता राखाडी धूर दिसला.

“एकच तुकडा आहे हा,” मावशी म्हणाल्या. “एका तुकड्यात मी तीनदा चुकले?”

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

“चला, गैरसमज झाला. विषय संपवू,” मोठे सर म्हणाले.

“असा नाही संपायचा. माझ्या नावानं खापर फोडलंत ते लिहून, आता मागेही लिहूनच घ्या.”

दुपारी डॉक्टरांनी नवं पत्र आणलं. मोल्डिंग निर्दोष, मशीन चालू राहील, सगळं होतं. मावशी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेल्या आणि बोट एका ओळीवर थांबलं: ‘तुकड्यांवरील डाग साफ करताना त्यांची दिशा हरवली.’

“डाग नाही. बाण.”

“अहो मावशी, एका शब्दासाठी सगळं पुन्हा?”

“बाण म्हटलं की मी खूण केली होती आणि तुम्ही ती घालवलीत. डाग म्हटलं की मी घाण केली होती आणि तुम्ही ती काढलीत.” त्यांनी पत्र डॉक्टरांकडे परत सरकवलं. “तुमच्या नव्या तुकड्यांसाठी मशीन तापवून ठेवलंय. हा शब्द बदलेपर्यंत ते नुसतं तापत राहील.”

डॉक्टरांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी डॉक्टरांनी पेन काढलं, ‘डाग’ खोडलं, वर ‘बाण’ लिहिलं आणि शेजारी सही केली. माफीबिफी काही झाली नाही.

पत्राची घडी घालून मावशी तळघरात गेल्या. ते लख्ख पुसलेले बारा तुकडे त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्यांचा आता कशालाच उपयोग नव्हता. चार दिवसांनी त्या नवे बारा तुकडे घासायला बसल्या, एकेक घासून झाला की हातातून सोडण्याआधीच त्यावर बाण काढत, तरी त्यांचा राग उतरला नव्हता. अकराव्या तुकड्यावर बाण काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी ब्लेडनं नवं टोक काढलं आणि बाराव्यावर तेवढंच दाबून बाण काढला.