हालस्टाइनची उचकी

माणसाची संस्कृती टिकून आहे ती दुसऱ्याचं ऐकून घेण्यावर, असं ओडवार आपल्या क्लबच्या प्रत्येक वार्षिक सभेत गंभीरपणे सांगायचा. त्यानंतर तो सभेत कुणाचंच ऐकून घ्यायचा नाही.

हौशी रेडिओवाल्यांच्या त्या क्लबचा रिपीटर डोंगरावरच्या लाकडी खोपटात होता. दूरचा क्षीण आवाज पकडायचा आणि त्याच क्षणी आपल्या ट्रान्समीटरने फ्योर्डभर, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या त्या खाडीभर, जोरात फेकायचा, एवढंच त्याचं काम. त्या उन्हाळ्यात ओडवारने त्याला क्षीण आवाज वाढवणारा नवा बूस्टर आणला, तो खरं तर हालस्टाइनसाठी. ऐंशीला टेकलेला हालस्टाइन पलीकडच्या बेटावर एकटा राहायचा. रेडिओवरच्या सकाळच्या हजेरीत त्याने "समुद्र शांत, मी उठलोय" म्हटल्याशिवाय ओडवारच्या घशाखाली कॉफी उतरत नसे.

प्रश्न नको ते आवाज गाळणारा फिल्टर कुठे लावायचा एवढाच होता. शाळेत गणित शिकवणारी गुनवोर म्हणाली, बूस्टरच्या आधी. ओडवारचं म्हणणं, फिल्टर थोडा आवाज खातोच. आधी लावला तर म्हाताऱ्याचा आवाज दारातच अर्धमेला होईल.

"अहो, पण आपलाच ट्रान्समीटर शेजारी बोंबलत असतो," गुनवोर म्हणाली. "दार सताड उघडं ठेवलंत तर बूस्टरचे कान बसतील."

"टेलिफोन खात्यात हयात घालवलीय मी," ओडवार म्हणाला.

हा मुद्दा तांत्रिक नव्हता, पण चर्चा त्यावर संपली. क्लबच्या टेबलावरचे वॉफल गार होत होते.

फिल्टर बूस्टरनंतर लागला. ओडवारने ट्रान्समीटर बंद ठेवून तपासणी केली. रिपीटर इतकं बारीक ऐकू लागला की ओडवारला भरून आलं.

दुसऱ्या सकाळपासून हजेरीत हालस्टाइनच्या जागी उचकी येऊ लागली. खट्, खरखर, खट्, खरखर. ओडवारने त्याला फोन करून सांगितलं, तुझ्या अँटेनाला गंज चढलाय. हालस्टाइनला ते पटेना, पण ओडवारचा शब्द तो मोडत नसे. छपरावर चढून त्याने अँटेना घासली. उचकी कायम. ओडवार म्हणाला, सांधा बघ. तो पुन्हा चढला, आणि या खेपेला घसरला. मनगट मोडलं.

ते कळलं त्याच दुपारी ओडवार पक्कड घेऊन एकटाच डोंगर चढला. या वेळी ट्रान्समीटर चालू ठेवून ऐकत बसला, तेव्हा उलगडा झाला. हालस्टाइनचा आवाज रिपीटरला जागं करत होता. जागा झालेला ट्रान्समीटर बूस्टरला बहिरं करत होता. मग समोर कुणी नाहीच असं समजून रिपीटर झोपत होता, की पुन्हा हालस्टाइन. इतके दिवस म्हातारा बोलतच होता.

ओडवारने फिल्टर बूस्टरच्या आधी घेतला. काम पाव तासाचंही नव्हतं. गुनवोरला सांगावं की नाही, हे ठरवायला खाली उतरेपर्यंतचा वेळ पुरला नाही.

सकाळी आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "समुद्र शांत, मी उठलोय."

"ऐकू येतंय रे. अगदी स्वच्छ."

"बघ, अँटेना ठीकच होती," हालस्टाइन म्हणाला. "आज शेवटची हजेरी. छपराचं कळल्यावर पोरगा धावत आला. दुपारच्या फेरीबोटीने मला बर्गनला नेतोय, त्याच्याकडेच. कायमचा."

ओडवारने बोलायचं बटण दाबलं. चूक फिल्टरची होती, फिल्टर मी लावला होता, एवढंच म्हणायचं होतं. गुनवोर ऐकत असणार, हे त्याला माहीत होतं.

"बर्गनलाही रिपीटर आहे," तो म्हणाला.

पण हालस्टाइनच्या मुलाच्या इमारतीत अँटेना लावायला बंदी होती.