मंत्र्यांची डाळतुला

रामलिंगअण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला. स्वतः पारड्यात बसायची पाळी साठीला आली. एका डाळमिलच्या तीन झाल्या, मग अण्णा खासदार झाले आणि परवा दिल्लीत चक्क राज्यमंत्री. मग लातूर गप्प बसतंय होय! आडत बाजारात मांडव पडला, हलगी कडाडली आणि अण्णांची डाळतुला ठरली. तुलेची डाळ नायगावच्या मुलींच्या वसतिगृहाला जायची होती. तिथल्या अधीक्षिका सिंधुताई सकाळपासूनच पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

अण्णा फेटा सांभाळत पारड्यात मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात हमालांनी पन्नास किलोचा एक कट्टा ठेवला, वर दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या. काटा मधोमध आला. टाळ्या, शिट्ट्या, फुलं, सगळं एकदमच सुरू झालं.

अण्णांचं हसू मात्र जागच्या जागी थिजलं. त्यांचं वजन ब्याण्णव किलो. गेल्याच आठवड्यात दिल्लीच्या डॉक्टरनं त्यावरून त्यांना झापलं होतं.

त्यांनी मल्लिनाथला जवळ बोलावलं. हा त्यांचा भाचा, सोहळ्याची सगळी जबाबदारी त्याचीच.

"काट्याला काय केलंस रे?"

मल्लिनाथ कानाशी वाकला. "मामा, डाळ सत्तरच किलो जमली. वर्गणीचे समदे पैसे मांडवातच गेले, मिलमधून आणाया येळ न्हवता. मग त्या पारड्याखाली, फुलांत, विटा बांधल्या. आता गप बसा, कॅमेरे हायेत."

गप बसायचं! निवडणुकीत विरोधकांनी गावोगाव एकच हाकाटी केली होती, की हा काटा मारणारा शेठ आहे. अण्णांनी प्रत्येक सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं, माझ्या मिलमध्ये या, हवं ते पोतं परत तोला. आता खरं बोलावं, तर मंत्र्याच्याच तुलेत खोट म्हणून उद्या पेपरात येणार. गप्प बसावं, तर त्या पोरींच्या ताटातली बावीस किलो डाळ आपण खाल्ली. अण्णांना दरदरून घाम फुटला. समोर त्यांच्या पत्नी नागम्मा बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा त्यांना पाठ झाला होता.

"अवं, वजन बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी भाषणासाठी माईक तोंडाशी धरला होता, त्यामुळे सगळ्या बाजारानं ऐकलं.

हलगी थांबली. अण्णा उतरले, दुसऱ्या पारड्याखालच्या झेंडूच्या माळा ओढल्या आणि एकेक वीट काढून सगळ्यांसमोर मांडली. सात विटा होत्या.

"चूक माझ्या माणसांची, म्हंजे माझीच," ते म्हणाले. "माझं वजन ब्याण्णव हाय. कमी पडलेली डाळ मी मिलमधून आणतो. तवर कुणी जाऊ नका."

व्यंकट नावाचा म्हातारा हमाल खो-खो हसत सुटला. "अण्णा, मंत्री झालात तरी तुमची अचूक तोलायची खोड गेली न्हाई बगा! बसा परत. डाळीच्या बाजारात बसून डाळ आणाया मिलला कशाला जाता?"

अण्णा परत पारड्यात बसले. समोरच्या आडत्यानं स्वतःहून एक कट्टा काढून व्यंकटच्या खांद्यावर दिला. त्याचं बघून शेजारच्यानं दिला. माल विकायला आलेले शेतकरी, चहावाला, भुसारवाला, ज्याला जमेल तसं कुणी घमेलंभर, कुणी पिशवीभर डाळ आणू लागलं. पहिल्या कट्ट्यालाच ब्याण्णव किलो कधीच ओलांडले होते. हलगी पुन्हा कडाडली. अण्णांचं पारडं जमीन सोडून वर गेलं आणि केंद्रीय राज्यमंत्री छातीएवढ्या उंचीवर पाय हलवत लोंबकळू लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. शपथ घेतानाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

"अरे, झालं की वजन! उतरवा आता!"

"बसा तितंच," नागम्मा खालून म्हणाल्या, "अजून माणसं यायलेत."